नळाचं पाणी लेकीला द्यावं का

लेक मोरीत बसली आणि एकदम किंचाळली. रोजचं रडणं नव्हतं ते. "आई जळतं, आई जळतं," म्हणून माझा गाऊन धरून ओढायला लागली. मी खाली वाकून पाहिलं तर फरशीवर नुसते थेंब, काळ्या चहाच्या रंगाचे, आणि त्याच्यापुढं काहीच नाही. मग मला आठवलं की सकाळपासून तिनं शू केलीच नाही. मे महिना, जळगावचं ऊन, दुपारची वेळ, हे कामावर.

सासू, मी त्यांना अक्का म्हणते, त्या पळत आल्या. पोरीकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"नळनं पानी पाजं व्हई तू तिले! खरं सांग!"

"नाही हो अक्का, देवाशपथ नाही."

तिला तशीच टॉवेलात गुंडाळली आणि चप्पल न घालताच बाहेर पळाले. पिंप्राळ्याच्या रस्त्यावर त्या वेळेला कुत्रंसुद्धा नसतं. रिक्षा मिळाली ते नशीब. अक्का पण बसल्या. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, पोरीचे ओठ बघा, फुटलेत. पाणी तरी पाजा," आणि त्यानं चालवता चालवताच आपली बाटली मागं केली. लेकीनं दोन्ही हात पुढं केले. अक्कांनी मधेच बाटली धरली.

"कोठलं पानी शे हाई?"

"नळाचं. अजून कुठलं असणार आजी?"

अक्कांनी झाकण लावून बाटली परत दिली. आणि मलासुद्धा तेव्हा ते बरोबरच वाटलं.

तुम्हाला वाटेल ह्या बाया काय वेड्या आहेत का. म्हणून आमच्या पाण्याचं सांगते.

माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. तिथं साबण लावला की फेस यायचा. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्या दिवशी डोकं धुतलं तर केस असे चिकट, जसं काही गोंद लावलाय. मला वाटलं शाम्पू नकली. शेजारची हसली, म्हणाली, "साबण लाव नाहीतर माती लाव, ह्या पाण्यात सारखंच." आमच्या गल्लीत नळाला बोअरचं पाणी येतं. ग्लास धुवून पालथा घातला तरी वाळल्यावर पांढरे डाग. बादलीत पाणी तापवायची ती रॉड, तिच्यावर खडूसारखा थर चढतो, चमच्यानं ठोकून काढायचा. कूलरच्या गवताच्या ताट्या उन्हाळा संपेपर्यंत पापडासारख्या कडक होतात. डाळीचं तर विचारूच नका. हे डाळ मिलमध्ये कामाला आहेत, म्हणतात, "आमच्या मिलची डाळ सगळ्या देशात शिजते, फक्त आमच्या घरात शिजत नाही." शिट्ट्या देऊन देऊन कुकर थकतो आणि दाणा वेगळा तो वेगळाच. मी घाबरून कुकरकडं बघत बसायची, तर अक्का म्हणायच्या, "धुयानी पोर शे, कुकर पाहीसन बी घाबरस." म्हणजे मी धुळ्याची, कुकर बघूनही घाबरते.

ते सगळं चाललं असतं. पण सासऱ्यांना, नानांना, मुतखडा झाला. ऑपरेशन करून काढला. तो खडा नानांनी कुंकवाच्या डबीत ठेवलाय, कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी डबी उघडून दाखवतात. नणंदेच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्यांनासुद्धा दाखवला होता. माझ्या लेकीनं बसायला शिकल्यापासून तो खडा बघितलाय. आणि अक्कांनी तेव्हाच ठरवून टाकलं की हा खडा म्हणजे नळाचं पाणी, जसं रॉडवर बसतं तसं पोटात बसतं. मला पण पटलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण रॉड तर मी रोज डोळ्यानं बघत होते ना.

म्हणून लेकीला नळाचं बंद. तिला फक्त विकतच्या जारचं. आणि उन्हाळ्यात जारवाला एक दिवस येतो, दोन दिवस येत नाही, लाईट नाही म्हणतो, मशीन बंद म्हणतो. मग जारचं पाणी पुरवून पुरवून द्यायचं. घोट घोट. तिनं मागितलं की, "आत्ताच तर प्यायलीस," म्हणायचं. अक्का म्हणायच्या, "कमी पानी, कमी खडा." घरात सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटलं. एकदा ती मला कूलरमागं सापडली, ताटीतून थेंब गळतात तिथं तोंड वर करून, जीभ बाहेर काढून उभी. मी तिला उचलून आणलं, तोंड पुसलं आणि चांगली रागावले. मला तिची तहान दिसलीच नाही, मला ते पांढरं पाणीच दिसलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिते ही?"

मी चटकन म्हणाले, "कमीच देतो मॅडम, आमचं पाणी खराब आहे ना." मला वाटलं, त्या म्हणतील बरं करता.

त्यांचा आवाजच चढला. "ह्या उन्हात? लेकराचं पाणी तोडलं तुम्ही?"

अक्का मधे बोलल्या, "ते पानी न्हई बाई, चुना शे."

"असू दे चुना. उकळा, गाळा, द्या. जार असेल तर जार द्या, नसेल तर नळाचं द्या, पण भरपूर द्या. पाणी कमी पडलं म्हणूनच हे झालंय."

सलाईन लावलं. तिची नस सापडेना, एवढी सुकली होती. संध्याकाळी तिनं शू केली तेव्हा मी त्या भांड्याकडं बघून रडले. सोनोग्राफीत बारीक रेती दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी प्यायली तर निघून जाईल. निघताना एखाद दिवस दुखेल, घाबरू नका."

घरी आलो. हे कामावरून थेट दवाखान्यात आले होते, आमच्याबरोबरच परत आले. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि डबी घेऊन उभे राहिले. "हाऊ दखाड तुनी डॉक्टरीणले. हाऊ काय आभायमाईन पडना का?" म्हणजे हा खडा काय आभाळातून पडला का.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "डॉक्टरचं ऐक." मग चप्पल काढता काढता म्हणाले, "पण आईला दुखवू नको." असं दोन्ही कसं करायचं ते सांगितलं नाही.

जार भरलेला होता तोवर ठीक चाललं. ती मागेल तेवढं दिलं, तिचे ओठ भरले, हसायला लागली. मग जारवाला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर उचलेना. शेजारणीकडून एक तांब्या आणला, रोज कोण देणार? तिचापण जार तोच. शेवटी मी नळाचं पाणी पातेल्यात उकळलं. वर पांढरी साय आल्यासारखी आली. ती दुपदरी फडक्यातून गाळली, तरी पातेल्याच्या तळाला पांढरं राहिलंच. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "दे. पन पुढं काय व्हयनं त माले सांगू नको."

मी दिलं. ती गटागटा प्यायली, अजून मागितलं, अजून दिलं.

आणि काल तिला परत दुखलं. पोटाला हात लावून वाकली, "आई जळतं." शू झाली, चांगली झाली, रंगपण चांगला होता. पण ती रडली. अक्का माझ्याशी बोलत नाहीत आता. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या की रेती निघताना दुखेल. हे तेच असेल का? का मी पाजलेलं खाली बसलं? मला आतलं दिसत नाही. मला फक्त पातेल्याचा तळ दिसतो. दवाखान्यात विचारायला गेले तर मॅडम बाहेरगावी, तिथली पोरगी म्हणाली परवा या.

माहेरी जावं तर आई वहिनीच्या हाताखाली, तिलाच दोन घास मोजून मिळतात, मी पोरीला घेऊन पाण्यासाठी आले म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

आत्ता ऊन मी म्हणतंय. जार पालथा घातलाय. लेक उठून आली, ग्लास घेऊन माझ्यापुढं उभी आहे, आणि पाणी मागत पण नाहीये. आधी अक्कांच्या खोलीकडं बघते, मग माझ्याकडं. न दिलं तर काय होतं ते मी बघितलंय. दिलं तर काय होतं ते मला माहीत नाही. तुम्ही आई असाल, तुमच्या हातात हेच पातेलं असेल, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा, तुम्ही दिलं असतं का?