बेबाबाईची मुकी पाटी

"पयानं नही! अस्वलना म्होरे जो पयना, तो गया. ते आपलापेक्षा जोरमां पयस."

"मी कोठे पयी ऱ्हायनू, माय? तूच जाऊ नको, इतलंच सांगस."

चोपड्यात ओट्यावर मायलेकाची अहिराणीत जुंपली होती, अस्वलापुढे पळावं की नाही यावरून. बेबाबाई कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन सातपुड्यातले पाडे ती एकटीच पायी फिरते. लेकाचं, हितेंद्रचं, पिंप्राळ्यात किराणा दुकान आहे. अस्वलाची बातमी कानावर गेली तसा तो आईला न्यायला मोटरसायकल घेऊन आला. आमच्याकडे पंख्याखाली बस, तिथेच बांगड्या भर, एवढंच त्याचं म्हणणं. बेबाबाईचं पंख्याने अंग दुखतं. शिवाय पाड्यावर बाई हात पुढे करते तेव्हा कोणाला दिवस गेले, कोणाची सासू खाष्ट, सगळं आपोआप समजतं. दुकानात काय समजणार? साबणाचा भाव!

झालं होतं असं. चढउतारावर बांगड्या फार वाढत होत्या. फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं, हा कासारणीचा शिरस्ता. म्हणून या खेपेला तिने त्या वर्तमानपत्रात गच्च गुंडाळल्या आणि फटींत घरचा कापूस कोंबला. नाल्याच्या वळणावर अस्वल बोरं खात होतं. त्यालाही पत्ता नाही, हिलाही नाही. एकदम समोरासमोर. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

बेबाबाईने उन्हाची छत्री फाडकन उघडून पुढे धरली आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकू लागली. तोंड चालूच. "खाय भाऊ, तुना बोरं तूच खाय. मी जास. का तुले बांगड्या भरू?" अस्वलाने जोरात फुस्स केलं आणि नाला उतरून गेलं. मग बाई आडोसा न बघता तिथेच लघवीला बसली. हे ती स्वतःच हसत सांगते.

"पण आजलोंग अस्वल भेटनं नही, नि आतेच कसं भेटनं?" हितेंद्रने विचारलं.

बेबाबाई उठली, पाटी उचलून हलवली. काही वाजलं नाही.

"हात्तिच्या! मनीच पाटी मुकी शे रे! पह्यले खळखळ आयकीसन जनावरं बाजूले व्हई जायेत. मीच तिनं तोंड बांधं!"

आणि तिने भराभरा कागद फाडायला घेतले.

"बठ्ठ्या बांगड्या वाढतीन ना, माय!"

"वाढू दे दोन-चार. मी तं साबूत शे."

हितेंद्रने स्वतः पाटी हलवून पाहिली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "हाई आयकीसन तं वाघबी पयी जाई," तो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. "चाल, सडक सरस तथलोंग सोडस. पण छत्री ले."

सडक संपली तिथून बेबाबाई खळखळत चढली. पहिल्याच पाड्यावर एक नवी सून हात आखडून बसली होती. बेबाबाईने पाटी उतरवली, तिचा हात मांडीवर ओढला.

"ढिला सोड, माय. मी काय अस्वल शे का?"