आईच्या मापाचा तलाव

आमच्या भागात माणसं कमी आणि तलाव जास्त. सकाळी डोळे चोळत घराबाहेर पडलेला माणूस सरळ चालत सुटला, तर चहाच्या टपरीच्या आधी तलावात पडतो. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा निम्मे तलाव तिकडे गेले म्हणतात, पण मला काही फरक जाणवला नाही. उरलेल्यांनी बहुतेक पिल्लं घातली असावीत. अशा मुलखात, अड्याळच्या बाजारापासून सायकलच्या अंतरावर, मी घरामागच्या वाडीत आणखी एक तलाव खोदायला घेतला. पहिल्या दिवशी कुंपणाला टेकून उभे राहिलेले लोक इतके होते की कुंपणच आत सरकलं.

"मच्छी टाकता काय जी?"

"नाही."

"मंग शिंगाडे?"

"नाही. त्यात आई चालणार आहे."

एकानं हळूच विचारलं, "पान्यावरून का पान्यातून?"

आईनं उभा जन्म धानाच्या रोवणीत काढला. कमरेत वाकून चिखलात रोपं खोचायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिनं रोवलेली रोपं एका रांगेत लावली असती तर ती रांग वैनगंगा ओलांडून थेट समुद्रात पडली असती. त्याची किंमत गुडघ्यांनी दिली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "छातीभर पाण्यात रोज चालायचं. पाण्यात वजन जाणवत नाही. दिवाळीपर्यंत पायांत ताकद आली तर आली. नाहीतर मग खुर्चीच."

परतीच्या बसमधून गावच्या फाट्यावर उतरताना आईनं माझा दंड धरला. "खुर्ची म्हंजे चाकाची? आपल्या आंगणात तं दगड हायेत. म्या रस्त्यावर जाईन कशी? मले का खाटेवरून नुसती तुमची ढुंगणंच पाहत राहाची हायेत?"

गावाच्या तलावात ने, असं सगळ्यांनी सुचवलं. पण आई तलावात उतरत नसे. तिच्या लहानपणी त्या तलावावर आमच्या वस्तीची वाट वेगळी, घाट वेगळा, आणि तोही असा की हंडा बुडाला की मुकाट्यानं वर यायचं. पाण्यात डुंबायची मुभा तिला कधीच मिळाली नाही. तिच्या ओळखीचं पाणी एकच: बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातलं, गुडघाभर, गढूळ आणि दुसऱ्याच्या शेतातलं. म्हणून मी ठरवलं, तिला तिच्या घरचं पाणी करून द्यायचं.

मिस्त्री आमच्याच गावचा. त्यानं तोवर तीन गोष्टी बांधल्या होत्या: विहिरी, संडासाच्या टाक्या आणि गुरांचे हौद. पोहण्याचा तलाव हा त्याच्या हिशेबी या तिघांचा भाचा. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी तलावाचे व्हिडिओ पाहून पाहून त्याचे डोळे निळे झाले होते, ही गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो. खोदकामाच्या दिवशी त्यानं नारळ आणला. आमच्या घरी नारळ फोडून कामं सुरू करत नाहीत. त्याचा हात वर गेला आणि आई खाटेवरून ओरडली, "आन इकडे तो. चटनी करू." काम चटणीभाकरीवर सुरू झालं.

पुढची पंचाईत मापाची. छातीभर पाणी म्हणजे किती? डॉक्टरांची छाती वेगळी, माझी वेगळी, आणि आई म्हणजे धानाच्या कोठीएवढी ठेंगणी. शेवटी मिस्त्रीनं खड्ड्यात लाकडी पाट टाकला आणि आम्ही दोघांनी तिला खाटेसकट आत उतरवलं. ती पाटावर उभी राहिली. मिस्त्रीनं भिंतीच्या मातीवर ओंजळभर चुना घेऊन तिच्या छातीच्या बाजूला रेघ मारली.

"श्वास घ्या मावशी. आता सोडा. कोनत्या श्वासाचं माप घेऊ?"

"घेतलेल्याचं घे," आई म्हणाली. "सोडलेल्याचं घेशील तं बुडीन ना म्या."

असा तो तलाव तिच्या अंगाच्या मापानं शिवला गेला. पायऱ्या तिच्या पावलाएवढ्या उंचीच्या, कठड्याचा पाइप तिच्या मुठीत मावेल असा, तळ एका पातळीत. गिलाव्याचे हात किती दिले हे मिस्त्री मोजत होता, मी मोजायचं सोडून दिलं होतं. पाणी गाळायला टाकीत वैनगंगेची वाळू भरली आणि आतून निळ्या टाइल्स लावल्या. मोटार सुरू झाली, पाणी चढत चढत चुन्याच्या रेघेच्या मापाला येऊन थांबलं. त्या दिवशी आमच्या वाडीत आभाळाचा एक तुकडा कापून ठेवल्यासारखा दिसत होता. तीन गावचे बगळे येऊन पाहून गेले. एकही उतरला नाही. बगळ्यांना जे कळलं ते मला कळायला हवं होतं.

आई काठी टेकत आली. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि पाण्यात वाकून पाहत राहिली.

"याचा तळ दिसते," ती म्हणाली.

"दिसायलाच पाहिजे आई. स्वच्छ आहे."

"आनं हा पाय कोनाचा व्हय?"

पाण्यात तिचा पाय वाकडा, मोठा आणि पांढुरका दिसत होता. तिनं आयुष्यात पाण्यातला स्वतःचा पाय पाहिलाच नव्हता. तिचं पाणी गढूळ. पाय आत गेला की दिसेनासा व्हायचा, आणि बोटं चिखल धरून ठेवायची. इथं बोटांना धरायला काही नाही. दुसऱ्या पायरीवर टाच जराशी सरकली आणि ती माघारी फिरली. मग मी हात धरून पाहिलं, मिस्त्रीनं स्वतः आत उतरून नाचून दाखवलं, तरी उपयोग शून्य. उन्हाळा असाच गेला. तलाव निळा, आई खाटेवर, आणि दिवाळी रोज एक दिवस जवळ.

आषाढात रोवणीची घाई सुरू झाली. महिनाभर कुणी न उतरल्यानं पाण्यावर हिरवी साय धरली होती. इथं आम्ही ती चूक केली, जी पृथ्वीवर फक्त आमच्या भागातला माणूस करू शकतो. आमच्याकडे शेतातली बोडी, म्हणजे लहान तळं, पावसाळ्याच्या तोंडाशी उपसून ठेवतात. गाळ काढायचा, तळ मोकळा ठेवायचा, नवं पाणी आपोआप येतं. मला वाटलं, तलाव तो तलाव. मिस्त्रीलाही तेच वाटलं. कुंपणावर टेकलेल्या सगळ्या पंचायतीलाही तेच वाटलं. एकही माणूस नको म्हणाला नाही. मोटार लावून आम्ही तलाव कोरडा केला, टाइल्स पुसल्या आणि नव्या पाण्याची वाट पाहत बसलो.

कुंपणापलीकडे शेजारच्या काकूची बांधी. काकू म्हणजे आईची रोवणीतली जोडीदारीण आणि तोंडाची वैरीण. तिची बांधी चिखलणीसाठी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, काठापर्यंत भरलेली होती.

तिसऱ्या सकाळी आई खाटेवरून म्हणाली, "अरे, तो तलाव उठून राह्यला."

मी म्हटलं, गोळ्यांचा परिणाम असावा. "पड जरा."

"म्या पडलीच हावो. तो उठून राह्यला. काल कठडा त्या लिंबाच्या फांदीखाली होता. आता फांदी कठड्याखाली हाये. पाह्य जाऊन!"

गेलो. आणि खोटं सांगत नाही, अख्खा तलाव, भिंती-पायऱ्यांसकट, बांधीकडच्या बाजूनं जमिनीबाहेर निघाला होता. झोपलेल्या म्हशीनं एका अंगानं उठायला सुरुवात करावी तसा. टाइल्स टप टप बोलत होत्या. मी गावात आजवर सांगत आलो की तो कमरेएवढा वर आला होता. मिस्त्री म्हणतो, वीतभर. इथं लिहायचं म्हणून मधलं धरतो: हातभर. पायऱ्या होत्या ते टोक वर, आणि पलीकडचं टोक अजून जमिनीत.

मिस्त्री धावत आला आणि कितीतरी वेळ नुसता भोवती फिरत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. "विहीर खचताना पाह्यली म्या," तो म्हणाला, "तलाव उगवताना पयल्यांदा पाहून राह्यलो." त्यानं जमिनीला कान लावला, टाइल्सवर टिचकी मारली, भिंतीलगत पहार खुपसली. पहार काढताच भोकातून पाणी कारंज्यासारखं उडालं. तरीही आम्हा दोघांच्या डोक्यात उजेड पडेना. घटकाभरानं आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते. बैल बांधायचा दोर आणून कठड्याला बांधला आणि दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला. पळून जाऊ नये म्हणून.

बांधीत काकू चिखलात उभी राहून हे सगळं पाहत होती. हसून हसून तिच्या हातातली रोपांची पेंढी खाली पडली.

"काहून जी मिस्त्री, गाभण हाये काय तो? दोर लावून राह्यला!"

"काकू, तुमाले हसाचं सुचते? तलाव चालला ना माह्या हातचा!"

"जाईन नाही तं काय! रिकामं घमेलं चिखलावर ठेवलं का तरंगते. भरलं का बसते. येवढं तं माह्या नातीले बी समजते. खालून माह्या बांधीचं पानी ढकलून राह्यलं त्याले, आन तुमी वरून पुसून राह्यले!"

मी मोटारीकडे धावलो. वीज नव्हती. आमच्याकडे वीज तलावासारखी नाही, ती कमी आहे. एक टाइल तडकून उडाली आणि आंब्याला बांधलेला दोर ताणला गेला. एकदा तळ फुटला की मिस्त्रीला दुसरा बांधायला पावसाळा संपायची वाट पाहावी लागणार, म्हणजे दिवाळी.

काकूनं कुदळ उचलली. रोवणीच्या ऐन दिवसांत कुणी आपल्या बांधीचं पाणी दुसऱ्याला देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. त्यावरून डोकी फुटतात. काकूनं धुरा फोडला, कुंपणाखालून नाली काढली आणि बांधीचं गढूळ पाणी माझ्या निळ्या टाइल्सवर सोडलं. चिखल, गवत, बेडकं, दोन खेकडे, सगळं आत. वाळूच्या टाकीकडे मी पाहूही शकलो नाही. पण दुपारपर्यंत तलावाचं बोलणं थांबलं. तो बसला, मात्र पुरता नाही. एक टोक वर राहिलं ते राहिलंच. तिकडे पाणी गुडघ्याच्या जरासं वर, आणि तळ उतरत उतरत पलीकडे आईच्या छातीएवढं.

मग काकू कंबरेवर हात ठेवून खाटेकडे वळली. "पाह्यलं वं बाई? माह्या बांधीचं पानी देल्लं तुले. माही रोवणी थांबली. आता बी उतरशीन नाही तं म्या समजन, तू रोवणीले बी लबाडीच करे. धुऱ्यावर बसून पेंढ्या मोजे!"

आई उठून बसली. "कोन मोजे वं पेंढ्या? माही पात संपे तवा तुही अर्धी बी नसे!"

"तोंडानं."

आईनं काठी मागितली. तिच्या मागून मी, माझ्या मागून मिस्त्री. वरच्या टोकाला तिनं पाण्याकडे पाहिलं. तळ दिसत नव्हता. पाय आत गेला आणि नाहीसा झाला. टाइल्सवर बोटभर गाळ बसला होता, त्यात तिची बोटं रुतली. तिनं माझा हात सोडला. मी तो पुन्हा धरायला गेलो तर मिस्त्रीनं मला मागे ओढलं.

रोवणीची बाई पुढे चालत नाही. ती रोवते आणि मागे सरकते, म्हणजे लावलेलं रोप पायाखाली येत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. आई पाण्यात उभी राहिली, सवयीनं जराशी वाकली आणि तोंड काकूकडे ठेवून मागे सरकू लागली. हात कठड्याच्या पाइपवरून घसरत होता, तोंड चालू होतं.

"तुह्या लग्नाच्या साली मोठ्या बांधीत कोन मांगं पडली होती?"

"मले ताप होता!"

"ताप! मंग कोंबडं खाल्लं ते कोनं?"

एक पाऊल, मग दुसरं. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं, लुगडं फुगून वर तरंगलं. ती भांडत होती आणि मागे सरकत होती, आणि मागे काय आहे ते तिला दिसत नव्हतं. मिस्त्री ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होता. मग तिची पाठ पलीकडच्या भिंतीला टेकली.

ती थांबली. काकूही थांबली. आईनं खाली पाहिलं. पाणी बरोबर छातीशी होतं, घेतलेल्या श्वासाच्या मापाला. ती सरळ उभी होती. काठी कुठेतरी त्या टोकाला पडली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला काठीशिवाय सरळ उभी पाहत होतो.

"बापू," तिनं बारीक आवाजात विचारलं, "किती खोल हाये रे हे?"

"गुडघाभर," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि काकूकडे पाहिलं. काकू धुरा बुजवायची सोडून कुदळीवर हनुवटी टेकून उभी होती.

"उभी कायले हायेस?" आई तिच्यावर ओरडली. "म्या आनखी एक पात धरतो."