थरथरते ती गाडी

आबांचे हात थरथरायला लागले होते आणि आबा म्हणत होते, गाडी थरथरते. त्या वर्षी आमच्या घरात जी काही भांडणं झाली ती एवढ्या एकाच गोष्टीवरून.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. नवागामच्या लूमच्या खात्यांमधून, म्हणजे कारखान्यांमधून, कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि रंगाईच्या मिलमध्ये नेऊन उतरवायचे, हा आबांचा धंदा. धुळ्याकडून सुरतला आले तेव्हा ते स्वतः लूमवर उभे राहायचे. गाडी घेतल्यापासून मात्र लूमचं नाव काढत नाहीत. तिला रोज पुसायचे, तिच्याशी बोलायचेसुद्धा. माय म्हणायची, "मनी सवत दारमा उभी शे."

हात पहिल्यांदा मी पाहिले. पाहूनही बरेच दिवस कळलं नाही, कारण आबा सदा तंबाखू मळत असतात. अंगठा तळव्यावर फिरतोच आहे, त्यात नवीन काय? एकदा तसाच फिरताना दिसला आणि तळव्यात तंबाखूच नव्हती. हे कशाचं लक्षण, ते मी मोबाइलवर शोधलं. शोधायला नको होतं. मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. आबांनी बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट धरले होते. लग्नाच्या पंगतीत आमटीची वाटी ते उचलत नव्हते, भाकरी तिच्यात बुडवत होते.

मायला सांगितलं तर तिला माझ्याआधीच माहीत होतं. "पन त्यासले कोण सांगी?" ती म्हणाली. तरी एकदा तिचाच तोल गेला. आबा जेवताना स्टिअरिंगची तक्रार करत होते, आणि ही फटकन बोलली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आबा ताटावरून उठले नाहीत, पण घास तसाच हातात राहिला. "थरथरस ती गाडी," ते म्हणाले. "मना हात नही." त्यानंतर मायनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. डॉक्टरचं नाव मी काढलं की उत्तर ठरलेलं, "आधी गाडी नीट करू, मंग डॉक्टर."

यातली वाईट गोष्ट ही, की आबा खोटं बोलत नव्हते. गाडीचा पुढचा भाग खरंच गेला होता. खड्ड्यात चाक पडलं की खालून खाडकन आवाज यायचा. पुढचे टायर आतल्या अंगानं खाल्लेले. स्टिअरिंग फिरवलं की चाकं आधी थोडा विचार करायची आणि मग वळायची. माणूस निव्वळ खोटं बोलत असला तर त्याला गाठता तरी येतं. आबांच्या हातात अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यापुढे मी दरवेळी हरायची.

इच्छापोरच्या कंपनीत मी दिवसभर दहा माणसांशी भांडून कामं करून घेते. घरी आले की माझी जीभ जाते. आबा गाडी चालवत राहिले तर एखाद्या दिवशी रस्त्यावरच्या कुणाचा तरी जीव जाईल, आणि गाडी बंद केली तर आबांचा जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. दोन्हींतलं काहीही थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटी खात्यांच्या सुट्टीच्या दिवशी गाडी भेस्तानच्या गॅरेजात न्यायचं ठरलं. "तू जाय त्यासनासंगे," माय म्हणाली. मी शेजारी बसले. नसलेला ब्रेक दाबून दाबून माझी पोटरी दुखायला लागली, पण पोचलो.

मेकॅनिक सुरतीच, माझ्याच वयाचा, आबांना काका म्हणणारा. त्यानं पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली टेकूच्या घोड्या लावल्या, चाक वरून-खालून धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं. "काका, आमां तो बहु प्ले छे," तो म्हणाला. आबांचा चेहरा इतका उजळला की मला रडूच आलं. महिनोन्महिने घरात त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. आता एक जाणता माणूस सांगत होता, हलतंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

दुपारभर काम चाललं. बॉल जॉइंटचं रबर फाटून आत माती गेली होती, ग्रीसचा मागमूस नव्हता. ते जुने सांधे निघता निघेनात. मेकॅनिक हातोडा घालायचा आणि दर घावाला आबांच्या तोंडून "हळू, भाई, हळू" निघायचं. लोखंडी आर्ममधले बुश बिस्किटासारखे चुरले होते. टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचे, दोन्ही टोकांचे सांधे बदलले. आबा पाने हातात देत होते. एकदा पाना निसटून पडला. मेकॅनिकनं तो स्वतःच उचलला. मी दुसरीकडे पाहिलं.

सगळं बसल्यावर तपासणी. त्यांची रीत अशी, की एकानं वर बसून स्टिअरिंग धरायचं आणि मेकॅनिकनं गाडीखाली उताणं पडून एकेका सांध्याला हात लावून पाहायचं. इंजिन बंद. आबा वर बसले. मी दाराशी उभी.

"काका, हलावता नही," खालून आवाज आला. "खाली पकडी राखो."

गुजरातीत खाली म्हणजे नुसतं. नुसतं धरून ठेवा, एवढंच तो म्हणत होता. पण आबांनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला नेले आणि मनगटं मांड्यांवर दाबून धरली, जणू तो मराठीतलं खाली म्हणाला. सुरतेत नवा उतरलेला माणूस ही चूक करतो, आमच्या गल्लीत तिच्यावर हसतात. आबांचं अर्धं आयुष्य इथं गेलंय, ते भाव गुजरातीत करतात आणि शिव्याही गुजरातीत देतात. त्यांना तो शब्द नीट कळला होता. त्यांना हात टेकवायला जागा हवी होती. मला त्यांच्या त्या हुशारीचं हसू आलं.

"काका, हले छे."

"अरे, हजी कंई ढीलुं हशे," आबा म्हणाले. अजून काही ढिलं असेल.

त्यानं पाना लावला, नट आवळले. पुन्हा सांध्याला हात. पुन्हा, "हजी हले छे, काका." तिसऱ्यांदा तो नुसता खाली पडून राहिला, बहुतेक डोकं खाजवत. आणि तेव्हा मला उमगलं. जुन्या सांध्यांमध्ये इतका ढिलेपणा होता, की आबांची थरथर तिथंच जिरून जायची, चाकापर्यंत पोचायचीच नाही. आता कुठेच ढिलं राहिलं नव्हतं. हाताचं सगळं खाली पोचत होतं.

हे आबांना कळलं का? मला वाटतं, नाही. ते उतरले. "मनी कंबर दुखी ऱ्हायनी," ते हळूच म्हणाले. "तू धर जरासं." आणि दाराशी उभे राहून तंबाखूची पुडी सोडायला लागले.

मी चढले. स्टिअरिंग धरलं. मेकॅनिकला वरचं काही दिसत नव्हतं, त्याच्या लेखी वर काकाच होते. मला वाटलं, आपण हलवावं. मुद्दाम, थोडंसं. तो म्हणेल अजून हलतंय, आणखी एखादा सांधा काढेल, आबा घरी जाऊन मायला सांगतील की गाडीच खराब आहे, आणि आणखी काही महिने निघतील. मला हे खरंच करायचं होतं. आणि त्याच गाडीखाली आलेलं कुणाचं तरी पोरही मला दिसत होतं. ठरवता काहीच येईना. मी तशीच धरून बसले, आणि आयुष्यात कधी नव्हे इतके माझे हात स्थिर राहिले.

"हां, काका!" खालून तो खुशीत ओरडला. "हवे एकदम बराबर! बस, आम ज पकडी राखो!" आता अगदी बरोबर, असंच धरून ठेवा.

आबांची बोटं पुडीवर थांबली. बोटं म्हणजे अंगठा सोडून. अंगठा चालूच होता.

मेकॅनिक सरकत बाहेर आला, हात पुसत उठला, त्यानं मला सीटवर पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "काका..." एवढंच म्हणाला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "सारी थई गई, भाई. गाडी सारी थई गई," म्हणाले. गाडी आता नीट झाली. मग जॅक उतरेपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी सीटवरून उतरले नाही.

गाडी खाली आली. आबा पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. किल्ली त्यांनी सीटवर आमच्या दोघांमध्ये ठेवली.

"चल," ते म्हणाले.

"आबा, मला कुठे येते गाडी?"

ते समोर काचेतून बघत होते.

"माले बी नही येस आता," आबा म्हणाले.