कुकाबराच्या पंखातलं कुंकू

दिवाळीसाठी देवाची चांदी घासायला घेतली आणि विभूतीच्या वासाने आई आठवली.

ती अमेरिकेत रेडमंडला आमच्याकडे आली होती, त्या दिवाळीतली गोष्ट. ऑस्ट्रेलियन पक्ष्यांची चित्रं असलेली माझी चांदीची नाणी तिने प्लास्टिकच्या डब्यांतून काढून विभूतीने लख्ख घासली, लक्ष्मीपूजनाला मांडली, हळदकुंकूही वाहिलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आई, कलेक्शन होतं ते! घासलं की नाण्याची किंमत जाते! पार वाट लावलीस!"

"काळी पडली होती रे," एवढंच म्हणाली आणि पदराने एकेक नाणं पुसायला लागली.

पुढच्या दिवाळीला आई नव्हती. नाणी पुन्हा काळवंडली. आज पूजेसाठी मीच ती बाहेर काढली. कुकाबरा पक्ष्याच्या पंखाच्या रेघांत थोडं कुंकू अजून अडकलंय. तेवढी जागा सोडून बाकीचं नाणं घासलं.