नंदकुमारच्या डावीकडची खुर्ची

पत्ते कितीही आपटले तरी आवाज होत नाही, याचाच वसुधाला जास्त राग आला.

मुलुंड पूर्वेला त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी चार वाजता पोकर रंगायचा. सहा माणसं, प्लास्टिकच्या चिप्स, पैशाचं नाव नाही. वसुधा विमा कंपनीत तीस वर्षं क्लेमचे कागद तपासून निवृत्त झालेली. खोटं बिल तिला वासावरून कळायचं. आणि सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार दोन महिने तिला हातोहात फसवत होता.

आजही तेच. तिच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन. पाचवा आला की डाव तिचा. आधी बोलायची पाळी तिची, म्हणून तिने थोड्या चिप्स सारल्या. नंदकुमारने लगेच तिप्पट लावल्या. तिने चिडून तेवढ्या भरल्या. शेवटचं पान निघालं किलवरची तिर्री. तिने चिप्स न लावता नुसतं टेबल ठोकलं, त्याने ढीग पुढे लोटला, तिने पत्ते टाकले. मग त्याने आपली पानं उताणी केली. सत्ती आणि दुर्री. हातात काहीही नव्हतं!

"वहिनी, बदामावर फार जीव तुमचा!"

सगळे हसले. तिचा नवरा विद्याधरसुद्धा.

"तू हसलास?" घरात पाऊल टाकताच तिने विचारलं.

"अगं, खेळ आहे."

"खेळ? मीटिंगमध्येही हेच करतो तो. 'आधी वहिनींना बोलू दे.' पाण्याच्या टाकीबद्दल मी सगळं बोलून बसले, मग त्याने एकेक मुद्दा खोडला. आणि तू मान डोलावलीस!"

विद्याधर चहा टाकायला गेला. मुलगी ऋता कॉलेजात असल्यापासून पोकर खेळायची. तिने सगळा डाव विचारून घेतला.

"आई, तो तुझ्या डावीकडे बसतो ना? पाळी डावीकडेच फिरते, मग बहुतेक डावांत तू आधी बोलतेस आणि तुझं बघून तो ठरवतो. अशा जागी अर्धवट पानं घेऊन कशाला भिडतेस? शेवटच्या पानावर पाचवा बदाम पाचांत एकदा येतो. टाकून द्यायचं."

"आणि तो नेहमी तिथेच का बसतो?"

"ते त्यालाच विचार."

आठवडाभर वसुधाने भांडी आदळली. दोन महिने आपण नशिबाला बोल लावत होतो, ही गोष्ट तिला सर्वांत झोंबली.

पुढच्या शनिवारी ती पावणेचारलाच गेली आणि नंदकुमारच्या ठरलेल्या खुर्चीच्या डाव्या हाताला बसली.

"वहिनी, तुमची जागा पलीकडे," नंदकुमार आल्या आल्या म्हणाला.

"नाव लिहिलंय का तिच्यावर?"

"तसं नाही, पण इतके दिवस..." तो दुसरी खुर्ची ओढायला लागला.

"खुशाल बदला, भाऊजी. पण का बदलताय, ते मी सगळ्यांना सांगेन."

नंदकुमारचे कान लाल झाले. तो होता तिथेच बसला. त्या दिवशी आधी त्याला बोलावं लागत होतं, आणि दर वेळी तो तिच्याकडे चोरून बघत होता. पाचव्या डावात तर चांगली पानं असून त्याने टाकून दिली.

मग एका डावात वसुधाकडे चार इस्पिक जमले. पण तिच्यानंतर बोलायचं होतं तिच्या डावीकडे बसलेल्या श्यामसुंदरला, आणि त्याने भली मोठी चाल लावली. तिने पानं टाकली. पुढचं पान इस्पिकच निघालं.

"बघ!" विद्याधर तिची टाकलेली पानं उलटून ओरडला. "राहिली असतीस तर जिंकली असतीस!"

"गप रे! बरोबर टाकलं मी."

ती त्या दिवशीही हरलीच. पण उठण्याआधी तिने सांगून टाकलं, यापुढे बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतील. श्यामसुंदरने तिथल्या तिथे कागद फाडला. नंदकुमार दोन शनिवार फिरकला नाही. तिसऱ्या शनिवारी आला, मुकाट्याने चिठ्ठी उचलली. वसुधाने त्याला "या" म्हटलं नाही.