गुडघ्याला गुडघा

२०२३ साल, माझं वय एकाहत्तर, आणि तोवर माझी खात्री पटली होती की उधळलेला गोऱ्हा आवरणारे तेल्हारा तालुक्यात पुष्कळ निघतील, पण खंजिरी वाजवणाऱ्या माझ्या इवायाला आवरील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. राहणार हिवरखेडचे. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण तालुक्यात माझ्यासारखी ढोलकी कोणी वाजवत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरे सांगताना कमी सांगतात.

दर गुरुवारी तेल्हाऱ्याला देवळाच्या मंडपात आमच्या मंडळाचं भजन असतं. इवाई येतात ते खंजिरीला मफलर गुंडाळून. ऐन थंडीत त्यांचे स्वतःचे कान उघडे, आणि खंजिरी बाळंतिणीसारखी झाकलेली. कातडं सैल पडलं की आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागते. एकदा त्यांनी विहीणबाईंचा तवा अर्ध्या कच्च्या भाकरीसकट चुलीवरून उतरवला आणि खंजिरी शेकली. "भाकर काय, दुपारीबी होते," म्हणाले. बोलणं असं की विचारणारे तेच आणि सांगणारेही तेच. "कसे आहा इवाई? बरे आहा. गुडघा दुखते? दुखनच." आपण नुसती मान हलवायची. बसायला सगळी सतरंजी मोकळी असो, ते मला खेटून बसणार आणि आपला गुडघा माझ्या गुडघ्यावर दाबणार. माझा तो गुडघा वातानं धरलेला. डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा मी बांधू लागलो, तर ते आणखीच जोरात दाबू लागले. मुलीचा बाप काय बोलणार?

आमच्या मंडळाची जुनी रीत अशी, की भजन उचलते पेटी आणि मिटवते खंजिरी. खंजिरी थांबल्याशिवाय ढोलकी थांबत नाही, आणि इवाई तर थांबतच नाहीत. एका बारशाला भजन मिटेपर्यंत बाळ झोपून उठलं, तरी नाव ठेवायचं राहिलेलंच. चांदूर बाजारच्या भजन स्पर्धेत मात्र हद्द झाली. वेळ संपल्याची घंटी झाली, परत झाली, पंच उठून उभे राहिले. इवाई डोळे मिटून चालूच, म्हणून मीही चालू. मंडळ बाद झालं. परतताना जीपमध्ये इवाई पुढे बसून घोरत होते. पेटी वाजवणारे गुरुजी मला म्हणाले, "येत्या गुरुवारी त्याइले दूर बसवू. तरीबी नाई आवरले, तं तुमी सांगून टाकजा, आता फक्त आयकाले या."

"मी काहून?"

"इवाई कोनाचे आहेत?"

गुरुवारी त्यांना सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. भजन सुरू झालं, आणि ज्या माणसाचा ठेका कधी सुटला नव्हता, त्याची खंजिरी आमच्या मागे-पुढे धडपडू लागली. ते माझ्या हातांकडे टक लावून पाहत राहिले. मग भजनाच्या मधेच थांबले. स्वतःहून. रीतीप्रमाणे आम्हीही थांबलो, आणि ते खंजिरी घेऊन बाहेर पडले.

बाहेर पायरीवर मी त्यांच्या समोर उभा राहिलो. "काहून थांबले?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुमचा गुडघा नोता," म्हणाले. "कान गेले, इवाई. तुमची ढोलकी मले गुडघ्यातून येते."

"अन् चांदूर बाजारले?"

"ढोलकी तं चालूच होती. मंग मी कसा थांबू?"

"तुमी थांबत नोते, म्हनून मी थांबलो नोतो."

ते पोट धरून हसले. मग खंजिरी मफलरात गुंडाळू लागले. "पोराच्या बापानं सुनेच्या बापाले कसं सांगाव, का आयकू येत नाई म्हनून? गुरुजीले सांगजा, मी आता येत नाई."

मी जे सांगायचं तेच ते सांगून मोकळे झाले, आणि मला ते मुळीच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा सोडून खुंटीला टांगला, ढोलकी खांद्यावर घेतली आणि हिवरखेडची पहिली बस धरली. इवाई ओट्यावर चहा पीत होते. मी त्यांना खेटून बसलो, उघडा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावला आणि ठेका धरला. विहीणबाईंनी आतून खंजिरी आणून दिली. त्या दिवशी ती शेकलीसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं मी गुडघा हळूच बाजूला घेतला. इवाई तिथल्या तिथे थांबले, असे की घंटीवाल्या पंचांनी मान डोलावली असती.

रीतीप्रमाणे मीही थांबलो. इवाई माझ्याकडे पाहत राहिले. मी गुडघा परत लावला.