दारावरची कानडी

मी तापट आहे आणि संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाली तराजू उचलायला लागली की माझी नजर तिच्या हातावर. घरात सगळे हसतात. हसू देत. पण हा संशय मी माहेराहून आणलेला नाही, तो मला सोलापुरात भवानी पेठेत चिकटला, आणि एकदा तो मला फार महाग पडला. त्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही.

मोठा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर, त्यात आम्ही तिघं. आमचे हे गिरणीत पाळीवर जायचे, घरी मी आणि सासूबाई. आम्ही दोन्हीकडचे लिंगायतच, पण माझं माहेर बार्शीकडचं, तिथं मराठी सोडून दुसरं काही नाही. सासूबाई अक्कलकोटच्याही पलीकडच्या गावच्या. त्यांचं सगळं कानडीत. मामंजी होते तोवर दोघं कानडीत बोलायची, भांडायचीसुद्धा कानडीत. ते गेले आणि घरात कानडी ऐकणारं कुणी उरलं नाही. ह्यांना थोडीफार यायची, पण पाळीवरून आलेला माणूस जेवतो आणि झोपतो. मग सासूबाई मांजराशी कानडीत बोलायच्या. मला त्याचं हसू यायचं. दोन वर्षांत मी चार शब्दसुद्धा शिकले नव्हते, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

एका दुपारी दारावर एक माणूस आला. स्वच्छ पांढरा सदरा, कपाळावर भस्माची तीन बोटं, खांद्याला पिशवी. भांडी उजळून देतो म्हणाला, मराठीत. मी म्हटलं, ‘‘नको बाबा, आमच्याकडं चिंच आहे, राख आहे, हात आहेत.’’ तो हसला आणि निघाला. तेवढ्यात आतून सासूबाईंनी मांजराला दुधाजवळून हाकललं. कानडीत. तो माणूस पायरीवरच थांबला. मागं वळला आणि दारातून आत बघत कानडीत काहीतरी म्हणाला.

सासूबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लग्नात आहेर मिळाल्यावर माणसाचा होतो ना, तसा. पाच मिनिटांत तो माणूस आमच्या घोंगडीवर बसला होता आणि मी चहाचं आधण ठेवत होते. बाहेर दोघांची कानडी नुसती धो धो. मधेच सासूबाई मला ओरडून म्हणाल्या, ‘‘अगं, आमच्या गावाकडचा हाय की ह्यो! तळ्याजवळचं देऊळ बी ठावं हाय त्याला!’’

त्यानं आधी आमचा पितळी तांब्या घासला, फुकट. तांब्या झळकला, खोटं कशाला बोलू. मग त्याची नजर सासूबाईंच्या गळ्याकडं गेली. गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती. त्यांच्या आईनं लग्नात घातलेली, नक्षीची, वापरून काळपटलेली. ती उजळून देतो म्हणाला असणार, कारण सासूबाईंनी डबी उघडली, आतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि डबी त्याच्याकडं दिली.

‘‘आत्याबाई, कशाला?’’ मी म्हटलं. ‘‘सणाला सोनाराकडं देऊ की.’’

‘‘तू गप गं. आपल्या मान्साला काय इचारायचं असतंय व्हय?’’

आता आमच्यात लिंग कधी खाली ठेवत नाहीत. ते अंगावर असतं, नाहीतर पूजेला हातावर. आणि हातावर घेऊन जपाला बसल्या की सासूबाई उठायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, नजर हलवायच्या नाहीत. हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक होतं! तो हळूच काहीतरी म्हणाला, त्या मांडी घालून ताठ बसल्या, डोळे तळहातावर लावले, ओठ हलायला लागले. मला त्यानं मराठीत हळद आणि कढत पाणी आणायला सांगितलं. चूल विझत आली होती. मी फुंकर घालत बसले.

पाणी घेऊन आले तर त्याच्यासमोर पत्र्याचा एक लहान डबा होता. ‘‘डबी आत ठेवलीय,’’ म्हणाला. हळद घातली, पाणी ओतलं, झाकण लावून फडक्यानं गच्च बांधलं. ‘‘पार गार होईस्तोवर उघडू नका, चांदी काळी पडेल. अव्वांना जप करू द्या. पैसे नकोत, आईकडून कसले पैसे?’’ वाकून सासूबाईंना नमस्कार केला आणि गेला. अर्ध्या तासानं मी फडकं सोडलं. पिवळ्या पाण्यात रस्त्यावरच्या खडीचा एक दगड होता.

मी गल्लीच्या टोकापर्यंत धावले, शिव्या दिल्या, परत आले. सासूबाई तशाच बसलेल्या. लिंग हातावर, आता ते ठेवायचं कुठं? शेवटी मी त्यांचं जुनं पांढरं लुगडं फाडलं, त्याच्या चिंधीत त्यांनी ते बांधलं आणि गळ्यात घातलं. आणि मी काय म्हटलं असेल? ‘‘मी सांगत होते!’’ एकदा नव्हे, चार-पाचदा म्हटलं. जीभ झडायला हवी होती माझी.

रात्रीच्या भाकरी करताना मी त्यांना उकरून उकरून विचारलं, तो नक्की काय काय बोलला. त्या एकेक वाक्य आठवून मराठीत सांगत गेल्या, आणि सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं. त्यानं विचारलं, गाव कुठलं. गावाचं नाव सासूबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, तळं आहे तेच ना? तळं कुठल्या गावाला नसतं? देऊळ तळ्याजवळ आहे हे त्यांनीच सांगितलं. भाऊ आहे का म्हणाला, भावाचं नाव त्यांनीच सांगितलं. त्यानं स्वतःहून एक गोष्ट सांगितली नव्हती. सासूबाईंनी दिलेलंच सासूबाईंना परत केलं आणि त्यांना वाटलं, माणूस ओळखीचा आहे.

‘‘मराठीत फसिवलं असतं तर येवढं लागलं नसतं बघ,’’ त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहत होते. मला त्यांची कीव आली, राग आला, आणि खरं सांगू, आत कुठंतरी बरंही वाटलं, की मी बरोबर होते.

त्या दिवसापासून दाराकडं त्या फिरकेनात. ‘‘दार तूच बघ,’’ म्हणाल्या. मांजराशीही बोलेनात. आणि मी दारावर अशी उभी राहायला लागले की बघायला हवं होतं. कडी लावूनच बोलायचं. कुणी काही विचारलं तर आपण सांगायचं नाही, त्यालाच सांगायला लावायचं. एकदा एकजण आला, ‘गिरणीतून आलोय, तुमच्या यजमानांनी घड्याळ मागवलंय’ म्हणाला. मी विचारलं, ‘‘कुठलं, पितळी की चांदीचं?’’ ‘‘चांदीचं,’’ म्हणाला. आमच्या ह्यांनी जन्मात घड्याळ बांधलेलं नव्हतं! असा हाकलला की गल्लीतल्या तेलगू विणकरणी माग थांबवून बाहेर आल्या. मग त्याही दारावर कुणी आलं की मला हाक मारायला लागल्या. मला चढलं ते. नाही कशाला म्हणू?

आणि एका सोमवारी तो म्हातारा आला. मळकं धोतर, डोक्याला पटका, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. सासूबाई नळावर गेल्या होत्या. त्याला मराठी धड येत नव्हती. तो कानडीत भरभर बोलायला लागला. त्यात मला सासूबाईंच्या गावाचं नाव ऐकू आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, व्वा, हा दुसरा! गावाचं नावसुद्धा पाठ करून आलाय!

‘‘अव्वा, अव्वा,’’ करत तो हात जोडत होता.

‘‘अव्वा नाही घरी. गावाला गेलीय. महिनाभर येणार नाही,’’ मी म्हटलं. हातवारे करून नीट समजावलं, म्हणजे पुन्हा यायला नको. दार लावलं. फटीतून पाहिलं तर तो समोरच्या ओट्यावर टेकला होता. थोड्या वेळानं उठून गेला. सासूबाई घागर घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘‘कोन हुतं गं?’’

‘‘कुणी नाही, भामटा,’’ मी म्हटलं. मला माझंच कौतुक वाटत होतं.

बुधवारी सकाळी सासूबाई दारासमोर सडा घालत होत्या आणि एकदम किंचाळल्या. मी धावत गेले. तोच म्हातारा, रिकाम्या हातानं गावी न जाता पुन्हा विचारायला आलेला. आणि सासूबाई त्याचे दोन्ही हात धरून कानडीत काहीतरी विचारत होत्या, तोही रडत बोलत होता. मग सासूबाईंनी मला सांगितलं, तो त्यांच्या भावाच्या शेतावरचा जुना गडी होता. भावावरून वारं गेलं होतं, अंगाची उजवी बाजू लुळी पडली होती. बहिणीला बोलवा म्हणत होता.

तो भामटा विचारत होता आणि हा सांगत होता, एवढा साधा फरक! मीच तर तो शोधून काढला होता, गल्लीला शिकवत होते. आणि ह्यानं सांगायला तोंड उघडल्यावर मी ऐकून घेतलं नाही. कानडी म्हटल्यावर माझ्यासाठी सगळे एकच झाले होते. अहो, शेजारणीला बोलवायचं, नळावर जाऊन सासूबाईंना हाक मारायची, त्याला ओट्यावर बसवून पाणी तरी द्यायचं. काही अवघड होतं का त्यात?

सासूबाई, तो गडी आणि मी मिळेल त्या एस.टी.नं निघालो. गाडीभर सासूबाई आणि तो गडी बोलत होते. मी खिडकीशी बसले होते आणि मनात एकच, की हा सोमवारचं सांगेल का. सांगितलं असेल का. मला एक शब्द कळत नव्हता. मी देवाला सांगत होते, ह्यानं ते सांगू नये. भाऊ बरा व्हावा हे मी नंतर मागितलं, हेही इथं लिहूनच टाकते.

भाऊ जिवंत होता. बाजेवर पडला होता. बहिणीला पाहून त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, डावा हात उचलून त्यानं तिच्या गळ्यातली चिंधी चाचपली. पण तोंडातून नुसता घरघर आवाज. वाचा आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी गेली होती. सासूबाई उशाशी बसल्या आणि त्याच्याशी बोलत राहिल्या, तासन् तास, किती तरी महिन्यांचं साठलेलं. तो ऐकत होता. आठवड्यानं तो गेला.

दिवस करून आम्ही परत निघालो. गाडीत शेजारी शेजारी बसलो होतो. वाटेतलं वळसंग मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघतच, अगदी हळू म्हणाल्या, ‘‘सोमवारी भाऊ बोलत हुता म्हनं.’’

मराठीत म्हणाल्या. मला कळावं म्हणून.